कोनाड्यातलं दार

मुलुंड पश्चिमेला बाजाराच्या मागे एकाला एक चिकटून सहा जुनी घरं उभी आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड, कौलारू छप्पर. दोन घरांच्या मधे एकच भिंत, म्हणून एकट्यानं घर पाडता येत नाही. पाडायचं तर सगळ्यांनी. पुनर्विकासाला बाकीच्या घरांनी संमती दिली होती. अडली होती ती माझी.

आमच्या खाली वडिलांचा छापखाना होता. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. निषेध, धिक्कार, एकजूट. वडील गेले, घर माझ्या नावावर झालं आणि बिल्डरचा माणूस आला. त्याला मी ओट्यावरूनच परत पाठवला आणि पत्रक काढलं. त्यात दुकानांच्या दर्शनी बाजूचं वर्णन होतं, ते मला अजून पाठ आहे: उंबऱ्याच्या खाचेत एकेक सरकवायच्या सागवानी फळ्या, प्रत्येकीवर तेलरंगात आकडा, शेवटच्या फळीत वाकून जायचा दिंडी दरवाजा, बाहेर दगडी ओटा, वर लाकडी सज्जा. ‘ही ओळ पाडली तर बाजाराचा चेहरा जाईल.’ लोकांनी पत्रकाचे फोटो काढून फिरवले.

जिन्याबद्दल मात्र त्यात एक शब्द नव्हता.

शेजारी काका-काकू राहतात. मूळचे मालवणकडचे, खाली त्यांचं किराणा दुकान. त्यांचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच, दोरी धरून चढायची. काकांची एक बाजू लुळी पडली, इस्पितळातून आणल्यावर त्यांना चादरीत घालून वर चढवलं, तेव्हापासून ते वरच. दुकान काकू बघतात. काका सज्जात बसून ओरडतात, "अगो, तेका जुनो तांदूळ दी!"

सही का करत नाहीस, असं काकूंनी मला कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या, "नव्या बिल्डिंगीत लिफ्ट असते ना गं?"

मी त्यांना बिल्डर कसे फसवतात ते समजावलं. भाडं बंद होतं, इमारती अर्ध्यावर लटकतात. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. काकू मान डोलवत राहिल्या आणि मला माझा आवाज सभेतला वाटायला लागला.

आमचा जिना रुंद आहे. कागदाचे गठ्ठे वर न्यायला वडिलांनी तो नवा करून घेतला होता. वरच्या खोल्यांच्या सामाईक भिंतीत पाठीला पाठ लावून दोन कोनाडे होते, एक आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. मधे जेमतेम एक वीट. लहानपणी दुपारी मी त्यात तोंड घालून "काका, गोळी!" म्हणायचे आणि पलीकडून ठकठक यायची. मी गवंडी बोलावला, वर लोखंडी पट्ट्या टाकून घेतल्या आणि त्या कोनाड्याचं दार केलं.

पुढच्या रविवारी मी आणि बाजारातल्या तीन हमालांनी काकांना खुर्चीसकट माझ्या घरातून खाली आणलं आणि त्यांच्या ओट्यावर बसवलं.

"काय काका, आहात अजून?" समोरचा भाजीवाला म्हणाला.

"तू काटा कसा मारतोस ते बघायला परत आलो."

काकांनी बरा हात फळीवरून फिरवला. घर न पाडताही हे जमलं, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनीच मला जवळ बोलावलं.

"दार बरा केलंस गो. पण म्हणून सहीबद्दल मी गप बसान असा वाटला काय तुका?"

"तसं नाही, काका."

"तसाच आसा."

तसंच होतं.

वर नेताना पुढच्या हमालाचा पाय सटकला, खुर्ची कलंडता कलंडता वाचली. वर पोचल्यावर काका म्हणाले, "परत नको. रोज चार माणसा खंयसून आणतलंस?"

त्यानंतर दारातून फक्त आमटीच्या वाट्या गेल्या-आल्या. आणि आवाज. सकाळी काकू त्यांना कुशीवर वळवतात तेव्हा दोघांनाही धाप लागते. भिंत अखंड होती तोवर ती मला ऐकू आली नव्हती. किंवा मी पत्रक लिहीत होते.

एका सकाळी मी दारातून आत गेले. "काका, सही करते."

"तोंडी कोण इचारता? पत्रक काढ." ते अर्ध्या तोंडानं हसले.

काकू हसल्या नाहीत. "खरंच ना गं?" म्हणाल्या.

बिल्डरवर माझा आजही विश्वास नाही, आणि करारातली ओळन् ओळ मी भांडून घेणार आहे. पण पत्रक लिहायला बसले तेव्हा नमुन्यासाठी वडिलांचे जुने गठ्ठे सोडले. धिक्कार सापडला, मागणी सापडली, जाहीर इशारा सापडला. ‘माझं चुकलं’ म्हणणारं एकही पत्रक आमच्या घरात कधी छापलं गेलेलं नव्हतं. ते मला माझ्या शब्दांत लिहावं लागलं.

मी ते आमच्या छापखान्याच्या पहिल्या फळीवर डकवलं. खळ काकूंनी शिजवून दिली, त्या दारातून.