चाळीस दिवे लागले

आमचे हे त्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं वायरमन. बागेतल्या चौदा खांबांवरचे दिवे दिवस कलला की लागायचे, ते ह्यांच्याच हातानं. एका संध्याकाळचा खाडा नाही. लेकीच्या लग्नातसुद्धा मध्येच उठून बटण दाबून आले; व्याही बघतच राहिले.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून सौर दिव्यांची खोकी आली. जमिनीत खुपसायचे, वायर नको की काही नको. साहेब म्हणाले, "काका, शनिवारी पाहुणे येणार आहेत. तोवर हे चाळीस लावून दाखवा, मग तुमच्या जागेचं बघू." जागा म्हणजे नोकरी. आणि नोकरी गेली की आवारातल्या आमच्या ह्या दोन खोल्याही गेल्या. रिटायर व्हायला अजून दोन वर्षं होती.

तीन दिवस हे उन्हात राबले. दोरी ताणून वाटेच्या दोन्ही बाजूंना खुणा केल्या, पहारीनं भोकं पाडली, कारण ठोकलं की दिव्याखालचा प्लॅस्टिकचा खिळा मोडतो. प्रत्येक दिव्याचं टोपण काढून आतलं बारीक बटण नखानं सरकवलं. काचा माझ्या जुन्या साडीच्या फडक्यानं पुसल्या.

शुक्रवारी संध्याकाळी नेहमीसारखे खांबांवरचे दिवे लावले आणि हे वाट बघत उभे राहिले. चाळिसातला एक लागेल तर शपथ! सेल बदलले, पुन्हा पुसले, शिव्या घातल्या. शेवटी एक दिवा उपटून घरी आले आणि उंबऱ्यावर मटकन बसले. "सामान बांधायला घे," म्हणाले.

मला असा संताप आला! तो मेला दिवा हिसकावला आणि कॉटखाली भिरकावला. तर तिथं तो लागला की! बाहेर काढला, बल्बखाली विझला. पुन्हा आत सारला, लागला.

"अहो, उजेड दिसला की ह्याला दिवस वाटतो! तुमचे खांबावरचे बंद करा आधी!"

हे माझ्याकडे खुळ्यासारखे बघत राहिले. सत्तावीस वर्षं संध्याकाळ म्हणजे ते दिवे लावायचे. बंद करायचे हे डोक्यात येणार कुठून? तसेच अनवाणी धावले. मी मागोमाग, शहाणपण मिरवत. खटका ओढला, बाग काळी झाली, आणि वाटेच्या दोन्ही बाजू उजळल्या. ह्यांनी लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

शनिवारी खांबांवरचे दिवे बंदच ठेवले. पाहुणे खूश, साहेब त्याहून खूश. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, कमाल केलीत! म्हणजे ते खांब नसले तरी चालतंय की." सोमवारी पत्र आलं. वायरमनची जागा बंद, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. खांब उतरवायचं काम तेवढं जायच्या आधी करून द्या, असंही लिहिलं होतं. ह्यांनी तेही केलं, माझा जीव जळत असताना.

काल भांडी बांधताना मला राहवलं नाही. "माझंच तोंड मेलं! गप्प बसले असते तर?"

"वेडी आहेस का? तसंही काढलंच असतं," हे म्हणाले. मग भांड्यांच्या गाठोड्याला गाठ मारत विचारलं, "पण छान दिसत होते ना गं?"

हो म्हटलं.