शेवाळवाले भाऊ

ते घरी आले की आधी तळहात शेवाळापासून वीतभर लांब धरायचे, तवा तापलाय का बघतात तसा. डोळे मिटायचे. मग हलकेच म्हणायचे, "कोरडं पडलंय. घाबरलंय जरा." नाहीतर, "आज मजेत आहे." असा एखादा माणूस तुमच्याही घरी येऊन गेला असेल, पेटी सुरात लावायला किंवा जुनं घड्याळ दुरुस्त करायला. तो वस्तूशी बोलत राहतो आणि आपण आपल्याच घरात पाहुण्यासारखे बाजूला उभे राहतो.

आमच्या हॉलच्या भिंतीवर शेवाळाची चौकट आहे. खरं शेवाळ, डोंगरातलं. पण औषधात भिजवून टिकवलेलं. ते वाढत नाही आणि सुकूनही जात नाही. माझ्या नवऱ्याने ती हौसेने आणली. "जळगावच्या उन्हाळ्यात डोळ्यांना तरी गारवा," म्हणाला. सासूबाई जवळच्याच असोदा गावच्या. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्ही हे टाकीवरून खरवडून फेकतो, अन् हा पोरगा भिंतीले लावतो!"

ज्या दुकानातून चौकट आली, त्यांनीच भाऊंना पाठवलं. धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झालेली. निवृत्तीनंतर जळगावात एक खोली घेऊन राहत आणि घरोघरची अशी शेवाळं सांभाळत. दर दोन महिन्यांनी यायचे. शेळीच्या केसांचा मऊ ब्रश, चिमटा, डिंकाची बाटली. "पाणी नको, ऊन नको, हात नको," हे दर वेळी सांगायचे. एका घरी रोज शेवाळासमोर उदबत्ती लावत. दुसऱ्या घरी पाहुण्यांनी, खरं आहे का बघू म्हणून, चिमूट चिमूट उपटून कोपरा टकला केला. हे सगळं ते हसून सांगत, पण त्या कोपऱ्याची गोष्ट सांगताना हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर जायचा.

दिवाळी झाली आणि पंधराच दिवसांत माझा नवरा गेला. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. घरात आम्ही दोघीच उरलो. सासूबाई रडल्या नाहीत. दिवसभर त्या चौकटीसमोर खुर्ची टाकून बसायच्या.

महिन्याभराने एका सकाळी पाहते तर चौकटीखालून भिंतीवर हिरवे ओघळ आलेले. खालच्या बाजूला पांढरी बुरशी, कुबट वास. सासूबाई हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या रोज पहाटे त्याला पाणी घालत होत्या.

माझा तोल गेला. "अहो आई, मेलेलं आहे ते! मेलेल्याला पाणी कशाला घालताय?"

बोलले आणि माझ्याच कानांना ते ऐकवेना. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि आत गेल्या. दोन दिवस आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले. चौकट उतरवली, पाठीमागून पाहिली, पुन्हा टेकवून ठेवली. कोणी केलं म्हणून विचारलं नाही. आतल्या खोलीच्या दारापाशी गेले आणि जमिनीवर बसले. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारे भाऊ त्यांच्या गावाकडच्या अहिराणी बोलीत शिरले.

"आक्का, कितला दिन पानी दिधं?"

"महिनाभर," सासूबाई म्हणाल्या. "मले वाटलं, त्याले तहान लागली असीन. माह्या लेकानं आणलं होतं ते."

भाऊंनी हॉलमधल्या चौकटीकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाले, "आक्का, हाई मरेल नही शे. झोपेल शे. तहान शे तेले, पन ते हवामधलं पानी लेस. तुम्ही हवाले पानी द्या." मी मेलेलं म्हटलं होतं ते त्यांच्या लेखी नुसतं झोपलेलं होतं, हवेतलं पाणी पिणारं.

त्यांनी माझ्याकडून पितळी परात मागून घेतली, पाण्याने काठोकाठ भरली आणि चौकटीच्या जागेपासून हातभर दूर ठेवली. कोरड्या दिवसांत परात रोज भरायची, पावसाळ्यात उचलून ठेवायची. साडेदहाला खिडकीतून ऊन आत आलं की पडदा ओढायचा. ही कामं आक्कांची. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा रडल्या. भाऊ तिथेच बसून होते. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते.

बुरशी लागलेला भाग त्यांनी कापून काढला, नवं शेवाळ बसवलं. ते फिकट दिसायचं, जुन्या लुगड्याला नवं ठिगळ लावल्यासारखं.

त्यानंतर भाऊ आले की जेवूनच जायचे. सासूबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकायच्या, भरीत करायच्या. मे महिन्यातल्या त्या दुपारी मला अजून आठवतात. बाहेर रस्ते ओस पडलेले. आत पडदे ओढलेले, आणि फटीतून आलेली एक उन्हाची तिरीप परातीतल्या पाण्यावर पडून छतावर थरथरत असायची. ती तिरीप तेवढी भाऊ चालवून घेत. ते ब्रश फिरवता फिरवता सांगायचे, कॉलेजच्या मुलांबरोबर नमुने गोळा करायला सातपुड्यात जायचो, तिथल्या ओढ्याकाठी दगडांवर हे असं पसरलेलं असायचं. "गाल टेकवला की दगडाच्या आत पाणी चालल्यासारखं ऐकू यायचं." सासूबाई डोळे मिटून म्हणायच्या, "अजून सांगा." मीही ऐकत बसायचे. कधी डोळा लागायचा आणि झोपेतही मला गार, ओल्या दगडाचा स्पर्श गालाला जाणवायचा. जागी व्हायचे तेव्हा भाऊ निघून गेलेले असायचे आणि सासूबाईंनी माझ्या अंगावर चादर घातलेली असायची.

या वर्षी संक्रांतीनंतर ते आलेच नाहीत. फोन बंद. दुकानात विचारलं तेव्हा कळलं, धुळ्याला मुलीकडे गेले होते, तिथेच झोपेत गेले. सासूबाई म्हणाल्या, "चाल, त्यांच्या लेकीच्या दारावर जाऊन येऊ." बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत भाऊंच्या घरी कोण कोण आहे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्यांच्या मुलीने आम्हाला ओळखलं नाही. सतरंजीवर बसलो. मी सांगितलं, "जळगावहून आलो. भाऊ आमच्याकडे शेवाळाच्या कामाला यायचे."

ती गोंधळली. "कामाला? जळगावात बाबांची मानलेली बहीण आहे ना. दर दोन महिन्यांनी फोनवर सांगायचे, आज आक्काकडे भरीत-भाकरी खाल्ली म्हणून. तिला कळवायचंय, पण आमच्याकडे पत्ताच नाही हो."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"मी तुही आत्या," त्या म्हणाल्या.