बोक्याची आंघोळ

कालव्याच्या पुलापाशी वन्सं तिसऱ्यांदा थांबल्या. रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसल्या, पिशवीतून बारीक दातांची फणी काढली आणि बरोबरच्या बोका नावाच्या कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी फिरवायला लागल्या.

"वन्सं, अहो, चला ना. निम्मं अंतरसुद्धा झालं नाही अजून."

"दोन मिनिटं. एक पळताना दिसली."

"पळू दे. आता वखारीत पळेल. तिकडचं तिकडे बघतील."

वहिनी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. वन्संनी वर पाहिलं नाही. फणीतली पिसू अंगठ्याच्या नखावर घेऊन चिरडली, हात रुमालाला पुसले, पुन्हा पुसले आणि उठल्या.

सकाळी सातला दोघी निघाल्या होत्या. बसवाल्याने दारातच अडवलं. "कुत्रं बसल्या जागी एवढं खाजवतंय, उद्या प्रवासी मला खाजवतील," म्हणाला. रिक्षावाल्याने तर बोक्याकडे एक नजर टाकली आणि थांबलेली रिक्षा तशीच पुढे काढली. मग पायीच. गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत रखवालदाराला कुत्रा हवा होता. त्याची अट एकच, सुया टोचल्याचं कार्ड दाखवा. ते कार्ड वाटेवरच्या जनावरांच्या दवाखान्यात होतं. ते घ्यायचं, पुढे जायचं, बोक्याला सोडायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. म्हणजे वहिनीने ठरवलं होतं.

वन्सं या वहिनीच्या थोरल्या नणंद. एकट्या, आणि भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत गेली बावीस वर्षं. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोल्या धुण्याचं काम. एकतीस वर्षं तेच. तिथे त्यांना सगळे फिनेलबाई म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. खोली तयार आहे का हे सर्जन त्यांना विचारत नसत, नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघत. घरीही तोच कायदा. फरशी ओली असली की छप्पन्न वर्षांचा भाऊ हातात चपला घेऊन उंबऱ्याबाहेर शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा.

अशा बाईने कुत्रा आणला कसा, हे कोडं घरात कुणालाच सुटलं नाही. हॉस्पिटलच्या धुण्याच्या खोलीमागे, मळक्या चादरींच्या ढिगात ते पिल्लू गोळा होऊन झोपलं होतं. अंधूक उजेडात वन्संना वाटलं मांजर आहे. "ए बोक्या, ऊठ," म्हणून हटकलं तर ते उठलं आणि मागे चालायला लागलं. नाव तेच राहिलं. "माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मलाच यायला उशीर झाला होता," एवढंच वन्सं सांगत.

तीन महिन्यांपूर्वी त्याच्या अंगावर पिसवा झाल्या आणि वन्संनी युद्ध पुकारलं. दिवसातून दोनदा फिनेलने फरशी. चादरी पातेल्यात उकळून. गाद्या उन्हात. आणि बोक्याला दिवसाआड आंघोळ, साबण लावून, घासून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याच्या नव्हे, वन्संच्या. वाकून वाकून कंबर धरायची ना. एवढं करून चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा पाचव्या दिवशी कुणाच्या तरी पायाला टच्चकन चावा.

मग वन्संनीच युक्ती काढली. घर बंद ठेवायचं, उपाशी मरतील. बोक्याला हॉस्पिटलच्या धोब्याकडे ठेवलं आणि सगळे वहिनीच्या लेकीकडे दहा दिवस राहून आले. परत आल्यावर कुलूप काढून वहिनी आत गेली. पांढरे मोजे होते तिच्या पायात. अर्ध्या मिनिटात मोज्यांवर मिरपूड उधळल्यासारखं झालं. ती किंचाळत बाहेर आली.

तेही सोसलं असतं. पण वहिनी शाळेचे गणवेश शिवायची. त्याच आठवड्यात एक आई फ्रॉक न्यायला आली. घडी उलगडली तशी त्यातून पिसू उडाली ती थेट तिच्या मनगटावर. बाईने फ्रॉक दोन बोटांनी टेबलावर ठेवला आणि गेली. पुढच्या चार दिवसांत तिघीजणी दिलेलं कापड परत घेऊन गेल्या. मशीनवर हात ठेवून वहिनी नवऱ्याला म्हणाली, मागच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "एक तर ते कुत्रं राहील, नाहीतर माझं मशीन."

वन्संनी ऐकलं. बादली उचलली आणि बोक्याला आंघोळीला घेऊन गेल्या.

आज निघतानाही त्यांनी त्याला घासून काढलं होतं. "नव्या घरी पाठवतेय. घाणेरडा कसा पाठवू?"

वहिनीला पाठीवर खाज सुटली. पिसू नव्हती, तिला माहीत होतं, पण हल्ली कुठेही, केव्हाही सुटायची. देवापुढे बसली तरी. सकाळी दिवा लावताना तिने हात जोडून मागितलं होतं, "तमाशा न होता जाऊ दे रे बाबा." मागून झाल्यावर ओशाळली होती. काय मागावं माणसाने देवाकडे! आता वन्सं एक शब्द न बोलता चालत होत्या, तमाशा अजिबात होत नव्हता, आणि तेच तिला बघवत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर आले नव्हते. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला कंपाउंडर होता. त्याने कार्ड शोधून काढलं आणि मोठ्याने वाचलं.

"नाव बोका. प्राणी कुत्रा. बरं." मग बोक्याच्या मानेवरचे केस फुंकून बाजूला केले. "एवढ्या पिसवा? थेंबांचं औषध तीनदा नेलंय तुम्ही. घातलं नाही का?"

"घातलं," वन्सं तडकल्या. "मानेवर, केस बाजूला करून, सांगितलं तस्सं."

"मग आंघोळ कधी घातली?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. एवढा तेलकट ठेवते की काय त्याला!"

"आणि त्यानंतर?"

"दिवसाआड."

"साबण लावून?"

"साबणाशिवाय कसली आंघोळ? ते नुसतं भिजणं."

कंपाउंडरने चष्मा काढून पोटावर सोडून दिला. "मावशी, तीनही वेळचं औषध तुम्ही मोरीला पाजलंत. ते कातडीवर पसरून महिनाभर राहायला हवं. पिसू अंगावर आली की मेली. तुम्ही दिवसाआड त्यांना रान मोकळं करून देताय."

वहिनीला हसू फुटलं आणि वन्संचं तोंड बघून तिथेच विरलं. एकतीस वर्षांत त्यांचं धुणं चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. पाण्याने पांढरे पडलेले, चिरा गेलेले हात.

"पण घरात?" वहिनीने विचारलं. "दहा दिवस घर बंद होतं हो. कुत्रा नव्हता, माणूस नव्हतं."

"अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचं बाळंतपण फरशीच्या फटीत, गादीखाली. कोषात पिसू तयार होऊन पडून राहते. पावलं वाजली, ऊब लागली की बाहेर. तुम्ही दार उघडलंत म्हणजे त्यांना ताट वाढल्यासारखं झालं."

"म्हणजे हा गेला तरी..." वहिनी अडखळली.

"हा गेला तरी कोष कुठे जाताहेत? मग तुम्ही आहातच की चावायला. उलट औषध लावलेला कुत्रा घरात फिरू दे. त्याच्यावर उडतील आणि मरतील. त्याला कामाला लावा." त्याने बोटं मोजली. "दोन दिवस अंग कोरडं राहू दे, मग औषध. दर महिन्याला, तीनदा. मी सांगेपर्यंत साबण बंद. त्याची गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात. कानाकोपरा रोज झाडायचा, केर पिशवीत बांधून बाहेर. एवढंच."

"आणि तरी दिसल्या तर?" वन्संनी विचारलं.

"दिसणारच. दोन-अडीच महिने दिसतील. दिसल्या म्हणून बादली उचलायची नाही."

"दिसल्या तरी नाही?"

"दिसल्या तरी नाही."

कार्ड आणि औषधाच्या नळ्या घेऊन दोघी बाहेर आल्या. उजवीकडे वखारीचा रस्ता, डावीकडे घर. बोका मधोमध बसून मागच्या पायाने कान खाजवायला लागला. वहिनीच्या डोळ्यांपुढून तो फ्रॉक जाईना. दोन-अडीच महिने. तोवर किती घड्यांतून किती पिसवा उडतील कोण जाणे. पण हा गेल्यानेही थांबणार नव्हत्या. रखवालदाराला काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव सुरू झाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

वन्सं उजवीकडे बघत नव्हत्या, डावीकडेही नाही. बोक्याने पुन्हा खाजवलं तसा त्यांचा हात पिशवीतल्या फणीकडे गेला, अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"वहिनी, मशीन तुझं, घर तुझं. कुत्र्याचं काय ते तू ठरव. पण ठेवलास तर एक करशील?"

"काय?"

"माझी बादली, साबण, घासायचा ब्रश, सगळं तुझ्या कपाटात कुलूप लावून ठेव. किल्ली माझ्या हाती देऊ नकोस. मला राहवणार नाही. मी मागेन, भांडेन, तुझं माहेर काढेन, रडेनसुद्धा. ती किल्ली मला देऊ नकोस, एवढं कर."