पाठमोरं वजन

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात स्वतःचं वजन भर चौकात ओरडून सांगणारी बाई एकच आहे, आणि दुर्दैवानं ती माझी मावसबहीण आहे. दुर्दैवानं अशासाठी, की मी तिच्यावर लहानपणापासून जळते. आमच्या आया सख्ख्या बहिणी, भीमपूरकडच्या एकाच गावात दिलेल्या. दोन्ही घरं भाजी पिकवणारी आणि आम्ही दोघी एकाच बाकावर शिकलेल्या. घराण्यातली पहिली पदवी माझी. बाबांनी गावभर पेढे वाटले, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण ते पेढे लोकांच्या तोंडात विरघळतात न विरघळतात तोच बातमी आली, की ही हैदराबादच्या एका संशोधन प्रकल्पात लागली, आमच्याच जिल्ह्यात गावोगाव फिरून मापं घ्यायला. विषय काय, तर मोठ्यांचा आणि लहान मुलांचा लठ्ठपणा कसा टाळावा आणि कसा कमी करावा. मी मावला गावच्या शाळेत शिक्षिका झाले, मन लावून शिकवते. तरी गावात गेले की लोक मला तिचीच खुशाली विचारतात.

तिच्याकडे पाहून ती लठ्ठपणावर काम करते हे कुणाला पटायचं नाही, कारण ती स्वतः रिक्षाची अर्धी सीट भरून बसते. गळ्यात मोजपट्टी कायम. नेरडीगोंड्याच्या एका लग्नात तिला शिलाईवाली समजून बायांनी ब्लाऊजची मापं द्यायला सुरुवात केली. हिनं एकीलाही नाही म्हटलं नाही. फक्त छातीऐवजी पोटाचा घेर मोजला, आणि पंगत उठेपर्यंत त्या बाया घरात कोण किती भात खातं, पोरं टीव्हीसमोर काय काय चघळतात, हे तिला सांगत बसल्या होत्या. वजनकाटा कापडी पिशवीत. कुठल्याही अंगणात तो मांडला की आधी स्वतः चढणार आणि हाक मारावी तशी ओरडणार, "शहाऐंशी! हाय का कोनी माह्यापुढं?" बाया हसतात आणि पदर सावरत रांगेत येतात. त्यांना मात्र ती आकड्याकडे पाठ करून उभं करते. "माहा आकडा गावाचा," म्हणते, "बाकीच्याइचा ज्याचा त्याचा." मी रोज सकाळी चालते, मोजून दोन पोळ्या खाते, अंगानं काडी आहे. पण मला कुणी ओसरीवर बोलावून विचारलं नाही, की बाई, तू हे कसं जमवतेस?

हैदराबादेहून आलेल्या मराठी प्रश्नावलीत एकदा प्रश्न होता : मुलांची तब्येत चांगली राहावी म्हणून तुम्ही काय करता? आता आमच्याकडे तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. तब्येत केली म्हणजे माणूस जाड झाला, आणि ते कौतुकानं म्हणायचं. तेव्हा बायांनी मन लावून उत्तरं दिली : तूप घालतो, केळी चारतो, दुपारी झोपवतो, उन्हात खेळू देत नाही. वरचे साहेब चक्रावले. ही पोट धरधरून हसली, आणि मग फोनवर त्यांना म्हणाली, "सर, त्या बरोबर सांगून राह्यल्या. तुमीच त्याइले पोरं जाड कशी करता, ते इचारलं." प्रश्न बदलला गेला. हा किस्सा तिनं आमच्या घरी सांगितला तेव्हा मीही हसले, पण थोडं कमी. कारण माझ्या मुलीची तब्येत छान झाली होती, आणि मला त्याचा अभिमान होता. आम्ही हाडं मोजता येतील अशा वाढलो. माझी मुलगी गुबगुबीत होती, म्हणजे माझ्या पगाराचं चीज झालं, असं मला वाटायचं.

मग मुलीच्या शाळेत तपासणी झाली आणि तिचं वजन वर्गासमोर मोठ्यानं वाचलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत जाईना. मी रागावले, समजावलं, तिचा भात बंद केला, तिला वेगळं ताट वाढलं. ती पाठ फिरवून रडायची आणि मी दाराबाहेर उभी राहायची. शेवटी, अगदी नाइलाजानं, मी बहिणीला फोन केला.

ती रविवारी आली. वेगळं ताट पाहून आधी मलाच म्हणाली, "येगळं काऊन वाढून राह्यली वं? पोट्टीनं काय गुन्हा केला? जे तिले, ते साऱ्याइले. बाटलीतलं गोड पानी घरातच आनू नका, अन् संध्याकाळी सारेच बाहीर पडा." मग काटा मांडला, चढली, ओरडली. न्हाणीच्या दाराआडून आवाज आला, "मावशी, खोटं!"

"मंग ये न, वाच तू."

मुलगी आली, वाकून वाचलं, खरंच शहाऐंशी, आणि कित्येक दिवसांनी हसली. "आता तुही माय," बहीण म्हणाली. मी पदर खोचून चढले. आज तरी माझं कौतुक होणार होतं. तिनं मला खांद्याला धरून पाठमोरी केली, आकडा पाहिला आणि म्हणाली, "बरं हाय, उतर." एवढंच. मग मुलगी चढली, आपणहून पाठमोरी. "बरं हाय, उतर." तेच शब्द, तोच सूर. सोमवारी मुलगी दप्तर घेऊन निघाली.

तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांचं ताट एक आहे. मुलीचं वजन उतरलं की नाही, ते मी विचारत नाही. तो त्या दोघींचा मामला आहे. प्रकल्पानं बहिणीला आता दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलंय. जाताना जुना काटा ती मुलीला देऊन गेली, मला नाही.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मुलगी गल्लीत दोरीवर उड्या मारत होती, तिचा आवाज येत होता. मी काटा काढला, चढले आणि आपसूक पाठमोरी झाले. मागं वाचायला कुणीच नव्हतं. तरी मी उतरले नाही. बराच वेळ तशीच उभी राहिले, कुणीतरी "बरं हाय" म्हणेल म्हणून.