बंद बंगल्यातले डोळ्यांचे डॉक्टर

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गात अंगठे धरून उभं केलंय. चाळीस वर्षं गणित शिकवलं. असल्या थापांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून हा अनुभव आजवर घराबाहेर सांगितला नाही. आता ऐंशी ओलांडली... हसा खुशाल.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं. आमचं गाव सुदुंबरे, मावळच्या पूर्वेकडचं. मी एकोणीस वर्षांचा, पुण्यात मास्तरकीच्या ट्रेनिंगला. आणि माझे डोळे बिघडलेले. एका दिव्याचे चार दिवे दिसत, प्रत्येकाला शेपूट. फळ्यावरचा आठ म्हणजे नुसता गुंता. दोन वर्षांत तीन चष्मे केले, पण दर वेळी थोड्याच दिवसांत येरे माझ्या मागल्या. आईनं दुधाच्या घड्या ठेवल्या, गावातल्या जाणत्यानं अंगारा लावला. शेवटी प्रिन्सिपल म्हणाले, दिवाळीनंतर फळा वाचता आला तर ये, नाहीतर जागा सोड. घराण्यात शाईला हात लावणारा मी पहिलाच. नानांचा — म्हणजे माझ्या वडिलांचा — जेवणावरची वासनाच उडाली.

कुसगावचा माझा बबनमामा लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी होता. बंगला मुंबईच्या एका मोठ्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. साहेब कधी येतात, एवढंच मामाला विचारायला नाना आणि मी श्रावणात निघालो. देहूरोडला गाडी धरली. नाना खिडकीतून दिसेल ते मला सांगत होते — "खाचरं भरल्यात बग... बगळं बसल्यात." मी आंधळाच झाल्यासारखं! तेव्हा राग आला होता. आज ते बोलणं पुन्हा ऐकायला काय वाटेल ते देईन.

दुपारी तीनच्या सुमारास बंगल्याशी पोचलो. खिडक्या सताड उघड्या, आतून धूर येतोय. नाना हरखले. "साहेब आल्यात रं! चूल पेटलीया."

व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. नानांनी वाकून रामराम घातला. "साहेब, पोराचं डोळं बगा... लय उपकार व्हतील."

त्यांनी कोण, कुठले, काही विचारलं नाही. मला अगदी जवळ बसवलं, तेव्हा त्यांच्या डाव्या भुवईतला जुना व्रण मलाही दिसला. काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची एक तबकडी उचलली आणि तिच्या मधल्या भोकातून माझ्या डोळ्यांत बघत राहिले.

"तुझ्या बुबुळावरचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलाय," ते म्हणाले. "चष्मे कितीही बदल, भागणार नाही. डोळ्यावर काचेची वाटी बसवावी लागेल. पण आंधळा नाही होणार तू."

हे ऐकून नानांनी हात जोडले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली — दोन डोळ्यांची दोन मापं, खाली सही — आणि दिवाळीआधी मुंबईला यायला सांगितलं. केराटोकोनस हे या दुखण्याचं नाव मला फार पुढे कळलं; आणि काचेची वाटी म्हणजे आजच्या कॉन्टॅक्ट लेन्सची आजी.

फाटकाबाहेर पडतो तोच समोरून मामा, खांद्यावर कोळशाचं पोतं.

"बबन, साहेबांनी तपासलं की पोराला!" नाना म्हणाले.

"कुटलं साहेब? दिवाळीबिगर न्हाई येत त्ये. खिडक्या मीच उघडून गेलतो."

लोणावळ्याच्या पावसात बंद बंगल्यांतल्या गाद्यांना बुरशी धरते, म्हणून माळी लोक अधूनमधून खिडक्या उघडून शेगड्या पेटवतात. आम्ही कमी पावसाकडची माणसं, आम्हाला काय ठाऊक!

तिघं परत गेलो. व्हरांडा रिकामा. वेताच्या खुर्च्या आतल्या खोलीत एकावर एक, गोणपाटात बांधलेल्या. मामा हसून म्हणाला, "दाजी, वाटंत कुटं घेतली-बितली का काय?" नानांनी चिठ्ठी पुढे केली. मामाला वाचता येत नव्हतं, पण साहेबांची सही तो ओळखायचा. "सही साहेबांचीच हाय," म्हणाला आणि खिडक्या पटापट लावायला लागला.

आश्विनात नाना आणि मी मुंबईला गेलो. दवाखान्यात तेच गृहस्थ, भुवईत तोच व्रण. पण ओळख? छे! चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. "अक्षर माझं, सही माझी... पण मी तुम्हाला आज पहिल्यांदा पाहतोय. आणि या काचेच्या वाट्या तर गेल्या आठवड्यात जर्मनीहून आल्यात. श्रावणात मी त्यांची मापं कशी लिहीन?"

त्यांनी पेटी उघडली. चिठ्ठीतल्या मापाच्या दोन वाट्या काढल्या. पहिल्या फटक्यात बसल्या.

दिवाळीनंतर मी फळा वाचला, मास्तर झालो. डॉक्टर होते तोवर दर भेटीत आम्ही दोघं ती चिठ्ठी पुन्हा पुढ्यात घेऊन बसायचो.

खरं सांगू? मुंबईत वाट्या बसवल्या त्या दिवशी मला चिठ्ठीचं काही पडलंच नव्हतं. काच बोचत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या थांबल्या आणि समोर नाना दिसले... स्पष्ट, एकच. केस पांढरेफटक, गाल बसलेले, ओठ थरथरताहेत.

"दिसतंय का रं?"

"दिसतंय, नाना," म्हणालो आणि ढसाढसा रडलो. माझ्या डोळ्यांच्या काळजीत माझा बाप म्हातारा झाला होता, आणि ते मला आत्ता दिसत होतं.