इर्माबाईंचं प्लास्टर

अमेरिकेतल्या आमच्या डलूथ गावात दारापुढचा बर्फ ज्याचा त्यानं काढायचा. पण आमच्या गल्लीतला गॉर्डी एक नंबरचा ऐदी. त्याच्याच दारात पाय घसरून शाळेची बस चालवणाऱ्या इर्माबाईंची नडगी मोडली.

प्लास्टरवर सगळ्या गल्लीनं सह्या केल्या. गॉर्डीला मात्र त्यांनी नेमकी मोडल्या जागी सही करायला लावली. ‘लवकर बऱ्या व्हा’ असंही त्यानं हसत लिहिलं.

डॉक्टरांनी कापून काढलेलं ते प्लास्टर इर्माबाईंनी जपून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात बर्फ साचताच गॉर्डीच्या दारासमोरच्या खांबावर टांगलं, त्याची सही रस्त्याकडे करून.

गॉर्डी धावत आला. "काढा हो ते! लोक हसतायत."

"मला पाय टेकायला चार महिने लागले," इर्माबाई म्हणाल्या. "तुला फावडं उचलायला किती लागतात, बघतेच."