अंगणातली तांबडी गाय

आमच्या आत-बाशी खोऱ्यातल्या डोंगराळ गावात गरीब कोणाला म्हणायचं हे एक समिती ठरवते. यादी मी लिहितो. भांडायचं काम सोनुनबूचं. वयानं मोठी म्हणून सगळे तिला एजे म्हणतात.

सामूहिक शेतीच्या काळात ती गोठ्यात दूध काढायची. ती सामूहिक शेती मोडून वाटणी झाली तेव्हा तिच्या वाट्याला पाच मेंढ्या आल्या. नवरा आधीच गेलेला. एकटीनं गवत कापून तिनं त्या पाचांचा कळप केला. त्यामुळे माणूस आळसानं गरीब राहतो, हे तिचं मत दगडासारखं पक्कं. समितीतले तुर्दाकून बाइके (मोठ्या पुरुषाला आम्ही बाइके म्हणतो) जुने ट्रॅक्टरवाले. त्यांच्या वाट्याला ट्रॅक्टरचं एक चाक आलं. खरंच, एकच चाक. गरिबी वरच्यांनी केली, असं ते म्हणतात, आणि पुरावा म्हणून चाक दाखवतात.

दोन वर्षांपूर्वी एजेनं हट्टानं नियम करून घेतला: ज्याच्या अंगणात दुभती गाय, त्याला सरकारी मदत नाही. मीच तो लिहिला.

यंदाच्या बैठकीत तिनं झाझगुलचं उदाहरण दिलं. झाझगुल विधवा, तीन मुलांची आई, मागच्या बाकावर बसली होती.

"ही बघा! गेल्या वर्षी यादीतून आपणहून बाहेर पडली. कष्ट केले की होतं सगळं. पोरगी तेवढी आळशी निघाली, नापास झाली."

"आपणहून बाहेर पडलीस का गं?" बाइकेंनी विचारलं.

"नाही, बाइके. गाय दिसली म्हणून नाव काढलं."

नाव मीच काढलं होतं. अंगणं बघायला मी गेलो होतो. एजेचा गुडघा तेव्हा धरला होता.

"गाय कोणाची?"

झाझगुल खाली बघत राहिली. आमच्याकडे गाय दुधापुरती दुसऱ्याला सांभाळायला देतात. देणारा बोलून दाखवत नाही, घेणाराही नाव घेत नाही.

"अगं बोल की! तोंडात लोकर कोंबलीय का?" एजे तिच्यावर खेकसली. झाझगुलनं मान वर करून तिच्याचकडे बघितलं.

"माझी आहे," सोनुनबू म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तांबडी, एका शिंगाची. मीच दिली." मग झाझगुलकडे वळून ओरडली, "मला सांगायचं नाही का, भवाने?"

"तुमच्याच गाईचं दूध पिऊन तुमच्यावरच बोट दाखवू, एजे?"

बाइके आता चाकाचा विषय काढणार, असं मला वाटलं. ते गप्प बसले. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला.

"गाय माझ्या नावावर लिही, हिचं नाव यादीत घाल," एजे मला म्हणाली.

"नियमात 'अंगणात' आहे. तुम्हीच लिहायला लावलंत."

"मग खोड तो नियम! हात वर करा सगळे!"

सगळ्यांनी हात वर केले. मी ओळ खोडली.

"काय एजे, आळसाचं मतही खोडायचं का?" बाइकेंनी हळूच विचारलं.

"आळशी असतात म्हणते ना मी! तुम्हीच एक आहात." पण आवाजात दम नव्हता. ती झाझगुलजवळ जाऊन बसली. "पोरगी नापास का झाली गं?"

"हिवाळाभर शाळेत गेलीच नाही, एजे. बूट नव्हते."